वरीलपैकी काहीही नाही

प्रश्नांची उत्तरे देऊन पैसे मिळतात, ही गोष्ट इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या त्या निवृत्त मुद्रितशोधकांना प्रथम पटलीच नाही. त्यांना आयुष्यभर पैसे मिळत आले होते ते प्रश्न विचारल्याबद्दल. छापावयाच्या मजकुरात जिथे अर्थ लागत नसे, तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावयाचे आणि मुद्रित लेखकाकडे परत धाडावयाचे, हे त्यांचे काम. उत्तर देणे हे लेखकाचे काम. आणि ते बहुधा मिळत नसे. अनेक ग्रंथ त्यांच्या प्रश्नचिन्हांसकट विस्मरणात गेले. वस्तीतली मुले त्यांना ‘प्रुफवाले काका’ म्हणत; पुढे ‘प्रुफवाले’ गळाले आणि नुसते ‘काका’ राहिले.

काका छापखान्यात शिरले ते १९७३ साली. साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांत आणखी चार नियमांची भर पडून लेखननियम अठरा झाले, त्याला तेव्हा एकच वर्ष झाले होते. जुने जुळारी अजून अनुच्चारित अनुस्वार देत, आणि ते टिंब तांबड्या शाईने उडविता उडविता ह्या तरुणाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायमचा डाग पडला. खिळ्यांच्या जागी ऑफसेट आले, ऑफसेटपाठोपाठ संगणकावरची जुळणी आली. शाईचा डाग मात्र टिकून होता. २०१४ साली छापखाना बंद झाला. त्यानंतर घरी मुद्रिते येत राहिली: लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, एखाद्या निवृत्त अभियंत्याचे आत्मचरित्र. २०२० नंतर तीही आली नाहीत. मंडळांचे कार्यक्रम थांबले, आणि जी पुन्हा सुरू झाली त्यांनी अहवाल मोबाईलवर धाडण्यास प्रारंभ केला. तिथे चुका तशाच राहतात आणि कोणाचे काही अडत नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून काकांना दरमहा १,२४० रुपये मिळतात. ह्या योजनेतील किमान वेतन २०१४ च्या सप्टेंबरात एक हजार ठरले, त्या मानाने ते अधिकच म्हणावयाचे.

प्रश्नावल्यांची वाट दाखविली ती शेजारच्या मुलीने. ती वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. बाजारपाहणी करणाऱ्या दोनतीन कंपन्यांकडे नाव नोंदवून ती आपल्या फोनचा खर्च भागवीत असे. २०२१ च्या पावसाळ्यात एका दुपारी तिने काकांच्या फोनवर नाव, जन्मसाल, पिनकोड भरून दिला आणि सांगितले, “काका, तुम्हाला वाचायची सवय आहे. तुम्हाला हे जमेल.” ह्या वाक्यातील निष्पाप क्रौर्य तिच्या लक्षात येणे शक्य नव्हते.

एक अडचण मात्र होती. घरात ‘सर्व्हे’ हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. काकूंच्या धाकट्या भावाने २०११ साली अकरा हजार रुपये भरून एका कंपनीचे सभासदत्व घेतले होते. कंपनी सिंगापुरात नोंदलेली. आठवड्याला दोन प्रश्नावल्या, प्रत्येकीचे पाचशे रुपये, म्हणजे अकरा आठवड्यांत भांडवल परत आणि पुढे निव्वळ नफा, असा हिशेब. शिवाय आणखी सभासद आणून देणाराला वेगळी दलाली. देशभर लाखो लोकांनी पैसे भरले. कुठल्या उद्योगाला एखाद्या दुकानदाराचे साबणाविषयीचे मत इतके मोलाचे वाटते की त्यासाठी वर्षाला पन्नास हजारांवर रुपये मोजावेत, असा प्रश्न त्यांपैकी फारच थोड्यांना पडला. त्याच वर्षी देणी थांबली. प्रकरण पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भावाने स्वतःचे अकरा हजार तर घालविलेच, पण नात्यातल्या सहा जणांना सभासद करून घेतले होते, त्यांचेही गेले. काकूंच्या माहेरी दोन दिवाळ्या एकमेकांकडे फराळ गेला नाही. तेव्हा काकांनी बायकोला सांगितले की, पुण्याच्या एका प्रकाशकाची मुद्रिते आता फोनवरच येतात. व्यापारी कंपन्या पैशांऐवजी बहुधा खरेदीची कुपने देत. ती शेजारची मुलगी स्वतः वापरी आणि तितकी रक्कम काकांना रोख आणून देई. काका ती पाकिटात घालून काकूंच्या हाती ठेवीत. पाकिटावर ते ‘मुद्रितशोधन’ असे लिहीत आणि खाली तारीख घालीत.

खऱ्या बाजारपाहणीत सभासदाकडून पैसे घेत नाहीत, एवढी तिची खूण सांगता येते. ती देते मात्र फारच थोडे. प्रारंभी आपली माहिती भरावयाची असते, आणि ह्या पहिल्याच पानावर काकांच्या ध्यानी आले की आपण ज्या कप्प्यात बसतो तो यादीतला शेवटचा आहे. १८ ते २४, २५ ते ३४, असे एकेका दशकाचे बारकावे करीत आलेली जिज्ञासा ‘५५ व त्याहून अधिक’ येथे एकाएकी दमते. त्यापुढे माणूस छप्पन वर्षांचा असो की शहाण्णव, त्याच्या दंतमंजनाच्या निवडीत जगाला रस उरलेला नसतो. काका तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते.

त्याखाली घरी बोलली जाणारी भाषा. पिनकोड मध्यप्रदेशाचा असल्याने पर्याय तीन होते: हिंदी, इंग्रजी, इतर. होळकरांच्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या घराने ‘इतर’वर खूण केली. भाषांच्या अभ्यासकांना ही स्थिती अपरिचित नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषांची जी नावे सांगितली ती १९,५६९ भरली. छाननीअंती त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, आणि १,४७४ नावे अवर्गीकृत ठरून ‘इतर’ ह्या सदरात गेली. ग्रियर्सनच्या पाहणीची रीत निराळी होती. बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट ज्याने त्याने आपापल्या बोलीत सांगावयाची होती; ठरलेल्या चौकोनावर खूण करावयाची नव्हती. त्या पाहणीचा सातवा खंड, १९०५ सालचा, सबंध मराठीला दिलेला आहे, आणि त्यात तोच पुत्र बोलीबोलीतून उधळपट्टी करतो व बोलीबोलीतून घरी परततो. साम्राज्याच्या हेतूंविषयी काहीही म्हणावे, त्या पाहणीत माणसाला पूर्ण वाक्य बोलावे लागत होते. असो.

खरा अनुभव पुढेच होता. प्रश्नावली उघडावी, पाचसात प्रश्नांची मनःपूर्वक उत्तरे द्यावीत आणि मग पाटी यावी: ‘धन्यवाद, आपण ह्या पाहणीस पात्र नाही.’ कधी गाडी नाही म्हणून, कधी घरात पाच वर्षांखालील मूल नाही म्हणून, कधी त्या वयोगटाची संख्या भरली म्हणून. दहा मिनिटे गेलेली असत. त्यांचा मोबदला शून्य, क्वचित एखादा गुण. काकांनी छापखान्यातल्यासारखी वही घातली. पहिल्या पुऱ्या महिन्यात प्रवेश ६३, परत पाठविले ४७, पूर्ण झाल्या १६, प्राप्ती ५१२ रुपये. पंधरा मिनिटांची म्हणून सांगितलेली प्रश्नावली त्यांना चाळीस मिनिटे पुरे. ते प्रत्येक प्रश्न दोनदा वाचीत: एकदा अर्थासाठी आणि एकदा अक्षरांसाठी. घाईने उत्तरे भरणाऱ्यांना ह्या व्यवस्था पकडतात आणि बाद करतात. इतक्या सावकाश वाचणाऱ्याला काय करावे हे त्यांना उमगत नसावे. दोनचारदा तर मुदत संपून पान मिटले आणि भरलेले सारे वाया गेले.

हे नाकारले जाणे एका प्रश्नापाशी विशेष वारंवार घडते, असे वहीवरून दिसून आले. तो प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीच्या दारातच उभा असतो: आपण किंवा आपल्या घरातील कोणी जाहिरात, बाजारपाहणी, वृत्तपत्र, मुद्रण वा प्रकाशन ह्यांपैकी कोणत्या क्षेत्रात काम करते काय? यादीच्या शेवटी ‘वरीलपैकी काहीही नाही’. ज्यांना धंद्याचे आतले ठाऊक आहे त्यांची मते गृहिणीच्या वा दुकानदाराच्या मतांसारखी कोरी नसतात, आणि त्यांच्यामार्फत नव्या मालाची बातमी बाहेर फुटण्याचेही भय असते; म्हणून त्यांना वगळावयाचे. पाहणीच्या दृष्टीने नियम वाजवीच आहे. काका प्रत्येक वेळी ‘मुद्रण व प्रकाशन’ ह्यावर खूण करीत आणि प्रत्येक वेळी त्यांचे आभार मानून त्यांना निरोप देण्यात येई.

“काका, तुम्ही आता कुठे काम करता? ‘काहीही नाही’ टाका ना,” मुलगी म्हणाली.

वस्तुतः तिचे म्हणणे व्याकरणाला धरून होते. ‘काम करते’ हा वर्तमानकाळ, आणि छापखाना बंद होऊन सात वर्षे झाली होती. पण मराठीत वर्तमानकाळ केवळ आजचे सांगत नाही. ‘तो विठ्ठलाची वारी करतो’ असे आषाढ सोडून इतर महिन्यांतही म्हणतात. हिंदी प्रश्नावलीत एके ठिकाणी ‘किया है’ असे होते, म्हणजे भूतकाळही आला. इंग्रजीत ‘करंटली’ होते, म्हणजे तो गेला. काकांनी तिन्ही पाठ वहीत एकाखाली एक उतरवून घेतले. तीनचार दिवस ते त्यांवर विचार करीत होते, असे त्या मुलीने पुढे सांगितले. तिला त्यात विनोद वाटला. बारा रुपयांच्या प्रश्नावलीसाठी पाठभेदांची चिकित्सा, असे तिने मैत्रिणींनाही सांगितले. पण ज्या प्रश्नाला काका अडले होते तो काळाचा नव्हता. चार तपांच्या आसपासचे आयुष्य ज्या एका शब्दाने सांगता येते, तो शब्द समोर छापलेला असताना त्याच्याखालच्या ओळीवर बोट ठेवावयाचे होते, आणि ती ओळ म्हणत होती की ह्यांपैकी काहीही नाही.

शेवटी त्यांनी ते ठेवले. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट त्या आठवड्यात संपत आले होते. कारण एवढेच होते आणि ते पुरेसे होते.

मग दारे उघडली. पुढच्या महिन्यात पूर्ण झालेल्या प्रश्नावल्या २९ झाल्या, त्यापुढच्यात ३४. काका बिस्किटांविषयी बोलले, विम्याविषयी बोलले, कधीही न पाहिलेल्या जाहिराती पाहून त्यांनी आपणास विश्वास, आनंद वा आपुलकी ह्यांपैकी काय वाटले हे सांगितले. रेन्सिस लिकर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली माणसाच्या मताला पाच पायऱ्या लावून दिल्या. पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत. त्या जिन्यावर काका दिवसातून तीनचारशेदा चढउतार करू लागले. मध्येच एखादी ओळ येई: ‘आपण लक्षपूर्वक वाचत आहात हे कळण्यासाठी ह्या ओळीत असहमत निवडा.’ डोळे झाकून खुणा करणारांसाठी लावलेला हा सापळा. ह्यात काका एकदाही सापडले नाहीत, आणि ती ओळ आली की त्यांना थोडा अभिमान वाटत असे. जणू कोणी तरी पलीकडे बसून त्यांचे वाचन तपासीत होते. वहीत मात्र प्रत्येक प्राप्तीसमोर ते पेन्सिलीने एक लहान प्रश्नचिन्ह करू लागले होते.

कधी त्यांना आपण यंत्र नाही हे सिद्ध करावे लागे: चित्रांतले दिव्यांचे खांब ओळखा, वाकडीतिकडी अक्षरे वाचून लिहा. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क दाखविला होता, आणि त्या पेटीत खरोखरीचा खेळाडू दडलेला असे, हे प्रसिद्धच आहे. २००५ साली अॅमेझॉनने अशाच किरकोळ कामांच्या आपल्या बाजाराला त्या तुर्काचेच नाव दिले. पेटीतल्या माणसाला तेव्हा निदान आपण माणूस आहोत हे लपवावयाचे होते. आता यंत्रेही माणसासारखी मते भरू लागल्यामुळे माणसाला ते वरचेवर पटवून द्यावे लागते, आणि त्यासाठी वाकडी अक्षरे वाचता यावी लागतात. काकांना ती उत्तम वाचता येत. कोल्हटकरी वळणाच्या हस्तलिखितांपासून डॉक्टरांच्या आठवणींपर्यंत त्यांनी सारे वाचले होते.

२०२३ च्या हिवाळ्यात एका प्रश्नावलीच्या माथ्यावर त्यांना भाषा बदलण्याची कळ सापडली. तीत मराठी होती. दाबली, आणि समोर प्रथमच आपल्या भाषेतील प्रश्न आले. ते वाचताना काका ताठ होऊन बसले असावेत. ‘आपला विद्युतप्रवाह व्यवसाय कोणता?’ असा पहिला प्रश्न होता. इंग्रजी ‘करंट’चे हे भाषांतर. ‘आपण मित्राला शिफारस करण्याची किती शक्यता आहात?’ असा दुसरा. पुढे सेवेची प्रत ठरविण्यासाठी चार पर्याय: गरीब, जत्रा, चांगले, उत्कृष्ट. ‘फेअर’ची जत्रा झालेली पाहून दुसरा कोणी हसला असता आणि पुढे गेला असता. भाषांतर यंत्राने केलेले आहे आणि ते कोणी वाचलेले नाही, हे उघड होते. म्हणजे जी ओळ लक्षपूर्वक वाचण्याचा आग्रह चाळीस प्रश्नांतून धरला जात होता, ती लिहिणाराने एकदाही वाचलेली नव्हती.

शेवटी एक रिकामी चौकट होती: ‘आपल्याला आणखी काही सांगणे आवडेल?’ ह्या चौकटीला पैसे नसतात. लोक तीत ‘नाही’ लिहितात किंवा टिंब देतात. काकांनी दोन तास घालविले. प्रश्नक्रमांक, अशुद्ध पाठ, शुद्ध पाठ, अशी ओळीने मांडणी केली. ‘विद्युतप्रवाह’च्या जागी ‘सध्याचा’; ‘गरीब, जत्रा’च्या जागी ‘निकृष्ट, बरे’. नियम कोणता मोडला हेही जिथे तिथे दिले. चौकटीत जागा संपली तेव्हा पुढच्या प्रश्नावलीच्या चौकटीत उरलेले लिहिले. आणि खाली, कोणी न विचारता, लिहिले: ‘४१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केलेला एक वाचक.’

आठ दिवसांनी कंपनीचे इंग्रजी पत्र आले. आपल्या उत्तरांत विसंगती आढळली असून आपले खाते बंद करण्यात येत आहे. जमा गुण रद्द समजावेत. हजार गुण झाल्यावाचून पैसे काढता येत नसत, आणि काकांच्या खात्यात ९७० होते. चौकटीतला मजकूर कोणी वाचला, की यंत्राने नुसताच एक शब्द दुसऱ्या शब्दाशी ताडून पाहिला, हे कळण्यास मार्ग नाही. शेजारची मुलगी चिडली. तक्रार लिहू म्हणाली. काकांनी नको म्हटले. विसंगती होती, आणि ती त्यांनी स्वतःच समासात लिहून दिली होती.

त्या महिन्याचे पाकीट रिकामे राहणार होते. काकांनी काकूंना सारे सांगितले. सांगताना मेव्हण्याच्या कंपनीचा उल्लेख टाळण्याचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. काकू भाजी निवडीत होत्या.

“मला माहीत पडलं होतं,” त्या म्हणाल्या. “प्रुफं आली की तुमच्या बोटाला तांबडी शाई असायची. दोन वर्षं झाली, बोट स्वच्छ आहे.”

काकांनी बोटाकडे पाहिले. डाग खरोखरीच गेला होता, आणि तो केव्हा गेला हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

“पैसे भरायला तर नाही सांगितले ना कुणी?”

“नाही.”

“मग विचारायचे तरी काय?”

“काहीही. साबण कोणता, चहा कोणता, तेलाचा डबा किती दिवस पुरतो.”

“अन्‌ तुम्ही काय लिहायचे?”

काकांनी सांगितले. काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. तो साबण त्या घरात १९९८ नंतर आलेला नव्हता. चहा सुटा येत होता, सियागंजच्या दुकानातून. ज्या पुड्याचे नाव काकांनी दोन वर्षे अखंडपणे लिहिले तो पुडा केवळ रिकामा झाल्यावर मीठ ठेवण्यासाठी फळीवर होता. तेलाचा डबा किती दिवस पुरतो ह्याचे त्यांचे उत्तर तर निम्म्याने चुकले होते. शेकडो प्रश्नावल्या ह्या घराच्या खरेदीविषयी भरल्या गेल्या, आणि खरेदी जिने केली तिला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. काकांनीही नाही.

थोड्या दिवसांनी त्या मुलीने दुसऱ्या एका कंपनीचे पान उघडून दिले. ह्या वेळी काकूंच्या नावाने नोंद झाली. वय तेच शेवटच्या कप्प्यातले, भाषा पुन्हा ‘इतर’. पलंगाच्या कडेला दोघे बसली. काका वाचून दाखवीत, काकू उत्तर देत, आणि काका खूण करीत. काकूंची उत्तरे लांब असत. साबणाला उत्तर देताना त्या आपल्या सासूबाईंपर्यंत गेल्या, आणि काकांनी त्यांतून एक चौकोन निवडला. पाचव्या की सहाव्या प्रश्नाला ती यादी आली: आपण किंवा आपल्या घरातील कोणी.

काका थांबले. त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला, पर्याय सगळे वाचले, शेवटचाही वाचला.

“मुद्रण लिहा,” काकू म्हणाल्या. “घरातील कोणी, असंच विचारलंय ना?”

त्यांनी खूण केली. पान फिरले आणि आभाराची पाटी आली.

“एवढ्यात झालं?” काकूंनी विचारले.